सागरी जीवशास्त्र शिकतेय, पण लॅबमध्ये नाही तर शाळांमध्ये जायचंय. वेडेपणा आहे का?

सुकतीवरची

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी देवगड तालुक्यातली. सध्या कारवारला सागरी जीवशास्त्रात एमएस्सी करतेय, शेवटचं वर्ष. बाबांची छोटी होडी आहे, आई बाजारात मासळी विकते. घरात सगळ्यांचं म्हणणं एकच, शिकलीस ना आता, मग एखाद्या कोळंबी प्रकल्पावर नाहीतर मासळी एक्स्पोर्टवाल्यांकडे क्वालिटी कंट्रोलला लाग. वर्गातले अर्धे नेटची तयारी करतायत, पीएचडीला जाणार. आणि मला गेल्या डिसेंबरपासून एकच खूळ लागलंय.

झालं असं की सुट्टीत घरी गेले होते तेव्हा गावच्या जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंनी सहज विचारलं, पाचवी ते सातवीच्या पोरांना समुद्राबद्दल काहीतरी सांगशील का. मी खूश. रात्रभर बसून पीपीटी केली, ग्रेट बॅरियर रीफचे फोटो, क्लाउनफिश, प्लास्टिकमध्ये अडकलेलं कासव, शेवटच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात 'समुद्र वाचवा'. दहा मिनिटांत पोरं जांभया द्यायला लागली. एकाने विचारलं, "ताई, ह्यो मासो खाऊक कसो लागता?" अख्खा वर्ग हसला. मी घाईघाईने पुढे गेले, फुगलेल्या पफरफिशचा फोटो आला, तर मागच्या बाकावरून आवाज, "ह्यो तर केंड! जाळ्यात इलो की जाळा चावता."

मी तिथेच थांबले. लॅपटॉप मिटला आणि खडू त्या मुलाच्या हातात दिला, म्हटलं अजून काय काय येतं जाळ्यात ते लिही. पाऊण तासात फळ्यावर सदतीस नावं! पेडवे, तारले, सौंदाळे, कर्ली, शेंगटी, मोरी, वागळी... कुठला मासा कुठल्या महिन्यात येतो, कुठला खडपात (किनाऱ्याच्या खडकांत), कुठला चिखलात, सगळं माहीत. मला त्यातल्या दहाबारा नावांची शास्त्रीय नावंही सांगता आली नाहीत, म्हणजे मासा ओळखीचा पण पुस्तकातलं नाव आणि आईच्या टोपलीतलं नाव डोक्यात कधी जोडलंच गेलं नव्हतं. आणि त्यांनी विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही, ह्या वर्षी केंड एवढी जास्त का?

तर मला हेच करायचंय. सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या किनाऱ्यालगतच्या शाळांत जायचं, पोरांना घेऊन ओहोटीला खडपात जायचं, वर्षभर, एकदाच जाऊन फोटो काढून यायचं नाही. प्रश्न असे की ह्यावर पोट भरतं का? पीएचडी आधी करावी की नंतर की नकोच? आणि शाळांकडे जायचं तर कुठून सुरुवात करायची? बाबा म्हणतात, समुद्रच बघायचा होता तर एवढी फी कशाला भरली, माझ्याबरोबर होडीवर यायचंस. :)

---

शाई_सांडली

धागा आवडला. तो खडूचा प्रसंग वाचून आमचा अकरावीतला 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' आठवला. प्रकल्पवही म्हणजे शुद्ध नकलाकाम. मी राहायला पुण्यात सदाशिव पेठेत आणि माझा प्रकल्प पंचगंगेच्या प्रदूषणावर, कारण वही ज्या सिनियरची मिळाली तो कोल्हापूरचा होता. सरांनी वीसपैकी अठरा दिले. मुठा घरापासून चालत पंधरा मिनिटांवर, ती बघायला कोणी नेलं नाही.

विनोद बाजूला. हा विषय सक्तीचा झाला तो सुप्रीम कोर्टामुळे, पर्यावरणाच्या खटल्यांचे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ चा आदेश. हेतू उत्तमच होता. पण सक्ती केली की आपल्याकडे त्याची वही होते, आणि वही झाली की ती झेरॉक्सच्या दुकानात मिळते. म्हणून तुम्ही जे करू बघताय ते 'विषय' म्हणून करू नका एवढंच सुचवतो.

---

चौथा_तास

मी ३४ वर्षं जि. प. शाळेत होतो, आता निवृत्त. ताई, थोडं व्यवहाराचं बोलतो.

शाळेत थेट गेलात तर मुख्याध्यापक चहा पाजतील आणि "वरून पत्र आणा" म्हणतील, त्यात त्यांची चूक नाही, मुलांना पाण्याजवळ न्यायचं म्हणजे जबाबदारी असते. गटशिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज करा, त्याची प्रत केंद्रप्रमुखांना. दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद असते, तिथे दहाबारा शाळांचे शिक्षक एका जागी भेटतात, तिथे वीस मिनिटं मागून घ्या. भाषण नको, त्या फळ्याचा फोटो काढला असेल तर तो दाखवा, बास.

दुसरं, 'कार्यक्रम' हा शब्द वापरू नका. कार्यक्रम म्हटलं की हार, नारळ, सत्कार, सरपंच, आणि मुलं उन्हात बसलेली. तुम्ही म्हणा, मला शनिवारची सकाळची शाळा द्या, महिन्यातून एक, तोच वर्ग, जूनपासून मार्चपर्यंत. आमच्याकडे वर्षभरात इतक्या संस्था येऊन रोपं लावून गेल्या, पण नंतर त्याच मुलांना भेटायला परत आलेलं माणूस मला ३४ वर्षांत दोनदाच दिसलं.

---

रापणकर

बाय गो, राग मानू नको पण माका ह्यातला एक टोचता. शिकलेली मानसा किनाऱ्यार येतंत ती काय घेऊन येतंत? तर बंदी.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटर, नकाशावर रेषा मारली. मच्छीमारांचा विरोध तेव्हापासून आहे आणि तो काही लोकांना जैवविविधता कळत नाही म्हणून नाही. माझा आजा रापणीचा माणूस, तो म्हणायचा, किनाऱ्यावरून ओढायची जाळी आमची, आणि समुद्र रिकामा करणारे ट्रॉलर आणि पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांच्या बोटी भलत्यांच्या, मग शिकवणी आम्हालाच का? आता एलईडी दिवे लावून मासे ओढतात, त्याला देशभर बंदी २०१७ पासून, कागदावर. आणि आमच्या पोरांना शाळेत येऊन सांगायचं, बाळांनो समुद्र वाचवा!

तू गावातलीच आहेस म्हणून सांगतो. आधी ठरव, तू पोरांना काय सांगणार, त्यांचा बापूस गुन्हेगार आहे म्हणून?

---

सुकतीवरची

@रापणकर, राग कसला, हे तुम्ही नाही म्हणालात तर माझे बाबा म्हणणार आहेत. खरं सांगू का, ती 'समुद्र वाचवा'ची स्लाइड आता बघवत नाही. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरची चूल समुद्रावर आणि मी त्यांना सांगतेय वाचवा, जसं काही ते नासवायला बसलेत.

पण मग पोरांना काही सांगायचंच नाही का? बाजारात आईच्या शेजारीच कधीकधी बोटाएवढी पापलेटं येतात, आमच्याकडचे सरंगे हो, ती बघून आई स्वतःच शिव्या घालते. राज्याने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा केलं आणि त्याच वर्षी ५४ जातींची किमान लांबी ठरवली, सरंग्याची १३५ मिमी. हे बंदी म्हणून न सांगता मोजून बघायचं म्हणून दिलं तर? म्हणजे पुठ्ठ्याची १३५ मिमीची पट्टी पोरांच्या हातात, बाजारात जायचं, मोजायचं, वहीत लिहायचं, कोणाला काही बोलायचं नाही. मासा कोणत्या बोटीतून आला तेही लिहायचं. रापणीतले किती, मोठ्या बोटीचे किती, आकडे पोरांचेच.

@चौथा_तास सर, शनिवारचं तुम्ही सांगितलंत ते सोन्यासारखं आहे, ते माझ्या डोक्यातच नव्हतं.

---

रापणकर

बोटीचं नाव लिहिणार असशील तर मी माझ्या पोराला पाठवीन.

---

घड्याळाचा_काटा

मुंबईतून. नोकरी बँकेत, रविवारी किनाऱ्यावर. २०१७ मध्ये 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' सुरू झालं तेव्हा पहिल्यांदा गिरगाव चौपाटीच्या वॉकला गेलो होतो, केवळ बायकोने नाव दिलं म्हणून, आणि तिथे गुडघाभर पाण्यात, मागे मरीन ड्राइव्हची ट्रॅफिक, पुढ्यात ऑक्टोपस! चाळीस वर्षं मुंबईत काढली, मला वाटायचं आपल्या समुद्रात गणपती आणि प्लास्टिक एवढंच असतं. हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळ आहे म्हणून सांगितलं तर ऑफिसात लोक हसतात, कोस्टल रोडच्या वेळी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीचे मिळून १८ प्रवाळ समूह उचलून दुसरीकडे लावले होते, ती बातमी दाखवावी लागते.

सुकतीवरची, लहान मुलं न्यायची तर काही गोष्टी आधीच ठरवून घ्या. एका मोठ्या माणसामागे पाचसहा मुलं, जास्त नाही. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी उतरायचं, पाण्याच्या मागोमाग जायचं, आणि पाणी वळलं की कितीही भारी काही दिसलं तरी मागे फिरायचं. दगड उलटायचा नाही, उलटलाच तर जसा होता तसा ठेवायचा, कारण खालच्या बाजूला सावलीत जगणारे जीव उन्हात मरतात. बाटलीत भरून घरी काहीही न्यायचं नाही, प्रवाळ तर अजिबात नाही, तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. निळे फुगे, म्हणजे डंख मारणारे ते जेलीफिशसारखे जीव, किनाऱ्याला लागले असतील, पावसाळ्यात लागतात, तर त्या दिवशी पाण्यात उतरायचंच नाही. आणि शंख उचलला तर आत कोण राहतं ते आधी बघायचं, हा खेळ मुलांना सगळ्यात आवडतो, निम्म्या शंखांत खेकडा भाडेकरू निघतो.

---

पोट_आधी

सगळे छान छान लिहितायत म्हणून मी जरा वाईटपणा घेते. माझी बहीण सहा वर्षं अशाच क्षेत्रात होती. प्रोजेक्ट असेपर्यंत पगार, प्रोजेक्ट संपला की ती घरी. निधी देणाऱ्याला आकडे हवेत, किती शाळा, किती मुलं, मग एका दिवसात चार शाळा करायच्या आणि प्रत्येक ठिकाणी तीच पीपीटी. शेवटी कंटाळून बीएड केलं, आता शाळेत शिक्षिका आहे, आणि गंमत म्हणजे मुलांना बाहेर नेण्याचं काम आत्ता जास्त करते.

सुकतीवरची, तू धाग्याच्या सुरुवातीलाच विचारलंस पोट भरतं का, त्याला अजून कोणी उत्तर दिलं नाही बघ.

---

चौथा_तास

@पोट_आधी, बरोबर धरलंत. बीएड हा चांगला मार्ग, पण शिक्षक झाल्यावर शिकवण्याव्यतिरिक्त काय काय करावं लागतं ते मी इथे लिहीत बसत नाही. जनगणना, निवडणूक, खिचडी, ऑनलाइन माहिती भरणे...

---

खाडीपलीकडे

वेंगुर्ल्याजवळची. आमच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचत गटाच्या बायका कांदळवन सफर चालवतात, होडी त्याच वल्हवतात, तिवर कुठला आणि चिप्पी कुठली ते त्याच सांगतात. पांढरी चिप्पी २०२० पासून राज्याचा कांदळवन वृक्ष आहे हे मला माझ्या मुलीने त्या सफरीवरून आल्यावर ऐकवलं. तर पर्यटकांकडून पैसे, शाळांकडून नाही, असं काहीतरी गणित बसवता येईल ना? मे महिन्यात आणि दिवाळीत मुंबई-पुण्याची कुटुंबं येतात, तारकर्लीला स्कूबा करून कंटाळतात, त्यांना दोन तास खडपात फिरवा, व्यवस्थित पैसे घ्या, लाजू नका, आणि त्यावर वर्षभराच्या शाळा करा.

नोकरीच हवी तर ऐरोलीला वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे, बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) आहे, अहमदाबादची सीईई (सेंटर फॉर एन्व्हायर्नमेंट एज्युकेशन) आहे, ते १९८४ पासून हेच काम करतात. दोनतीन वर्षं कुठेतरी उमेदवारी करून मग गावी या.

---

शाई_सांडली

पर्यटकांचा विषय निघालाच तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासचं सांगतो. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने तिथे कासवाची घरटी राखायला सुरुवात केली, गावकऱ्यांना बरोबर घेतलं, पुढे कासव महोत्सव, घरोघरी राहायची सोय, मोदक, सगळं गावाच्या हातात. हे मला फार मोठं वाटतं. पण मी गेलो तेव्हा शंभरदीडशे माणसं दोरीला रेलून, पिल्लू टोपलीतून सोडलं की फ्लॅश, मागून एक काका "हो हो आलं आलं" असं क्रिकेट बघितल्यासारखं, आणि पिल्लू पाण्यात गेल्याबरोबर सगळे नाश्त्याला. माझ्यासकट. वाळू तापलेली असेल तर अंड्यातून माद्याच जास्त निघतात, हे तिथल्या कासवमित्राने मला नंतर एकट्याला सांगितलं, कारण तेवढं ऐकायला कोणी थांबलंच नव्हतं.

---

सुकतीवरची

@शाई_सांडली, त्या कासवमित्राला वर्गात आणायला हवं! माझ्या डोक्यात असंच आहे, मी शिकवणार नाही, मी फक्त जुळवून देणार.

कासवावरून, ही गोष्ट मी पोरांना सांगितली तेव्हा पहिल्यांदा वर्ग गप्प झाला होता. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर एक मादी अंडी घालायला आली, तिच्या पंखाला धातूचा टॅग, नंबर ०३२३३. तो टॅग ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये लावलेला होता. म्हणजे बाई बंगालच्या उपसागरातून निघून श्रीलंकेला वळसा घालून इकडे, कमीत कमी साडेतीन हजार किलोमीटर. एका मुलीने विचारलं, "तिका वाट कोणी सांगली?" मी म्हटलं शोधायचंय. तर ती म्हणाली, मी मोठी झाल्यावर शोधीन, तुमका जमला नाय तर. :)

---

वेरावळचा_जावई

सासुरवाडी सौराष्ट्रात म्हणून ही गोष्ट जवळून ऐकलेली. तिकडे व्हेल शार्कची शिकार जोरात चालायची. २००१ मध्ये कायद्याचं संरक्षण मिळालं, पण कायद्याचा कागद समुद्रात कोण वाचतो. मग मोहीम झाली, कथाकार मोरारी बापूंनी सांगितलं की ही 'व्हाली' म्हणजे माहेराला आलेली लेक आहे, बाळंतपणाला आलेली, तिला मारायची असते का? आणि ज्यांनी भाले मारले होते तेच लोक स्वतःची जाळी कापून तिला सोडायला लागले. जाळ्याची भरपाईही होती हे विसरू नका, नुसत्या भावनेने जाळं कोणी कापत नाही. महाराष्ट्रातही २०१८ पासून संरक्षित जीव सोडण्यासाठी जाळं कापलं तर २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते.

मला त्यातून एवढंच दिसलं की गोष्ट त्यांच्या घरातली होती. कोणी 'इकोसिस्टम' म्हणालं नाही.

---

रापणकर

भरपाईचो फॉर्म भरूक फोटो लागता, व्हिडिओ लागता, रात्री दोन वाजता दर्यात कोण काढतलो. पण पैशे मिळतंत, आमच्या वाडीत दोघांना मिळालेत. खोटं कशाला बोलू.

---

माईचा_डबा

मी ७१ वर्षांची आहे, नातू टाइप करून देतोय. माहेर हर्णैचं. आमच्या आईला शाळा माहीत नव्हती पण भरतीची वेळ तोंडावर. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा. पौर्णिमा-अमावास्येला मात्र बाराच धरायचे. त्यात सहा तास मिळवले की सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढेमागे उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटी कमी, भांगाला पाणी समुद्राकडे फार आत जात नाही म्हणून कालवं काढायला जायचं नाही. पोरांना पाऊणकीचा पाढा शिकवा म्हणजे गणिताचे मास्तरही खूश.

---

चौथा_तास

माई, नमस्कार स्वीकारा. पाऊणकी कशाला पाठ करायची हे मी मुलांना आयुष्यभर सांगू शकलो नाही.

---

सुकतीवरची

माई!!! तीन सेमिस्टर आम्ही टाइड शिकलो, हार्मोनिक वगैरे, आणि हे मला माझ्या आजीनेही कधी सांगितलं नाही, किंवा मी विचारलं नाही.

आत्ता कालनिर्णय घेऊन बसलेय. द्वितीयेला दीड वाजता भरती, म्हणजे सकाळी साडेसातला सुकती, तृतीयेला सव्वाआठ, पाणी उधाणाचं म्हणून खडप चांगलं उघडं पडणार, आणि शनिवारची शाळा सकाळचीच! पुढच्या तीन महिन्यांत शनिवार आणि द्वितीया-तृतीया असा योग दोनदाच आहे. बाईंना मेसेज केलाय, त्या म्हणाल्या पालकांची संमतीपत्रं त्या घेतील, सातवीची बारा मुलं, दोन पालक बरोबर.

पोटाचं म्हणाल तर @पोट_आधी, तुमच्या बहिणीचं वाचून रात्री झोप लागली नाही. सध्या असं ठरवलंय की एमएस्सी झाल्यावर दोन वर्षं नोकरी शोधायची, @खाडीपलीकडे म्हणाल्या त्या ठिकाणी अर्ज करणार, मे महिन्यात पर्यटकांचे वॉक करून बघणार. पीएचडी आत्ता नाही. दोन वर्षांनी जमलं नाही तर बीएड. हे बाबांना अजून सांगितलेलं नाही. त्यांना एवढंच विचारलं, शनिवारी याल का पोरांबरोबर, तर म्हणाले, मी काय शिकवणार. मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, केंड कुठे बसतो ते दाखवीन.

---

रापणकर

कालनिर्णयातली आणि माईंची भरती मुंबईकडची. आमच्याकडे पाणी अर्धा-पाऊण तास आधी वळतं, तृतीयेला साडेआठला गेलीस तर भरती घोट्यापर्यंत येईल. सात म्हणजे सातला खाली उतर.

---

घड्याळाचा_काटा

हे अगदी बरोबर. आणि मुंबईइतकं पाणी लांब जाणार नाही तिकडे, तेव्हा जागा आधी एकदा एकटीने बघून ठेवा.

---

रापणकर

जागा मी दाखवतो, आदल्या दिवशी ये. पोरांना सांग, चपला नको, जुने बूट घाला, कालवांनी पाय कापतात. आणि ती पट्टी कापशील तेव्हा एक माझ्यासाठीही काप, १३५ ची.